खरं बोलायची तारीख

४ डिसेंबर

काम मिळालं. कॉलेजातल्या बाईंच्या संशोधनात विद्यार्थी सहाय्यक. आईला सकाळी फोनवर सांगितलं, तर दुपारपर्यंत तिने सगळ्या मावश्यांना कळवून टाकलं की धाकटी कोर्टात लागली. मी कोर्टात लागले नाही, कोर्टात नुसती बसणार आहे, हे आता घसा फोडून सांगितलं तरी कोणी ऐकायचं नाही. ताई म्हणाली, "नुसतं बसायची नोकरी? तुझ्यासाठीच काढलेली दिसतेय."

नशेच्या पदार्थांचे खटले चालतात त्या खोलीत मागच्या बाकावर बसायचं. आरोपीला किती बोलू दिलं, वकील तयारी करून आला होता का, न्यायाधीशांनी काय विचारलं, निकाल काय लागला, हे टिपायचं. कायद्यात दोन वाटा आहेत. सापडलेला माल स्वतःसाठी होता, माणूस व्यसनी आहे असं ठरलं तर उपचार केंद्र. दुसऱ्यासाठी नेत होता असं ठरलं तर तुरुंग. कोण कुठल्या वाटेला लागतं आणि का, हा बाईंचा प्रश्न.

नियम एकच. "आपण बघतो, बोलत नाही," बाई म्हणाल्या. "सल्ला नाही, धीर नाही, पाण्याचा पेलासुद्धा नाही. आपण हात लावला की जे मोजतोय तेच बदलतं." मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

९ डिसेंबर

खोली थंडगार. हीटर एकच, तोही न्यायाधीशांच्या पायाशी. न्यायाधीश सतत खोकतात आणि खोकला आला की समोरच्याचं वाक्य तिथेच तुटतं. सरकारी खर्चाने मिळणारे वकील एकच, सगळ्यांसाठी. ते बगलेत फायली आणि खिशात बिस्किटं घेऊन धावत येतात. आज त्यांनी एका आरोपीला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारली आणि तो बिचारा "हो" म्हणाला.

मला वाटलं होतं रडारड असेल, आरडाओरडा असेल. तसं काही नाही. लोक रांगेत उभे असल्यासारखे येतात आणि जातात.

१२ डिसेंबर

आज एक मुलगी आणली. माझ्याच वयाची असेल. निळा स्वेटर. फोनवरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या कंपनीत रात्रपाळीला होती. पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट सापडलं, कोणाला तरी पोचवायला निघाली होती म्हणे. न्यायाधीशांनी विचारलं, "तू स्वतः घेतेस का?" ती म्हणाली, "नाही." बस्स, एवढंच बोलली.

फार घाबरलेली होती. त्या गारठ्यात कपाळावर घाम, आणि तरी कुडकुडत होती. सर्दीही झालेली, सारखी बाहीने नाक पुसत होती. मध्येच एवढी मोठी जांभई दिली की न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. कोठडीत झोप लागत नसणार. सोबतच्या पोलीसबाईंनी तिच्या अंगावर शाल टाकली आणि म्हणाल्या, "आठवडाभर जड जातं. मग होतं कमी." कोठडीची सवय व्हायला आठवडा लागतो, हे टिपून ठेवलं.

माझ्या बाकावर दुसऱ्या टोकाला तिचे वडील बसले होते. दुकानांच्या पाट्या रंगवतात. नखांच्या कडेला पिवळा रंग तसाच. मुलीला नेताना ते उभे राहिले आणि ती दिसेनाशी झाली तरी उभेच.

१५ डिसेंबर

परीक्षेसाठी प्रकरण सहावं पाठ केलं: नशा सुटताना शरीराचं काय होतं. घाम, थंडी, जांभया, नाक गळणं, झोप उडणं. ताईने प्रश्न विचारले, मी धडाधड उत्तरं दिली. ती म्हणाली, "जेवताना तरी दुसरा विषय काढ, तुझे भावजी घास गिळत नाहीयेत."

८ जानेवारी

परीक्षा छान गेली. सहाव्या प्रकरणावरच मोठा प्रश्न होता.

१३ जानेवारी

निळ्या स्वेटरवाल्या मुलीची तारीख. आज बरीच बरी दिसली, सर्दी गेलेली. व्हरांड्यात पोलीसबाईंबरोबर उभी होती. मला म्हणाली, "तुम्ही सारखं काय लिहिता?"

"कोण किती बोललं ते."

"मग माझ्या वेळी तुमच्या हाताला आराम."

बोलायची परवानगी नाही हे आठवून मी गप्प बसले. पण हसले असेन, कारण तीही हसली.

बाईंना आज आतापर्यंतचे तक्ते दाखवले. चित्र अगदी उघड आहे. 'मी व्यसनी आहे' म्हणणारे जवळजवळ सगळे उपचार केंद्रात, 'मी घेत नाही' म्हणणारे जवळजवळ सगळे तुरुंगात. माल तेवढाच असला तरी. मी या मुलीबद्दल सांगितलं: पहिलाच गुन्हा, थोडा माल, आणि ती नाही म्हणते. बाईंनी पेन खाली ठेवलं. "चांगली केस आहे. असं एक ठळक उदाहरण हवंच होतं." मला बरं वाटलं. केस मी शोधली होती.

२० जानेवारी

आज रंगारीकाका माझ्याशी बोलले. कोर्टाच्या उपाहारगृहात मी चहा घेत होते, ते समोर येऊन उभे राहिले. "ताई, बसू का?" घरी मी छोटी आणि इथे वडिलांच्या वयाच्या माणसाची ताई.

म्हणाले, "तुम्ही असता तेव्हा साहेब जरा नीट ऐकतात. माझ्या चिऊच्या तारखेला येत जा." चिऊ म्हणजे ती. आई नाही तिला. दोघंच राहतात. मी सांगितलं की माझ्या असण्या-नसण्याने काही होत नाही. ते म्हणाले, "असेल, पण या."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "ती व्यसनी आहे असं आम्ही लिहून दिलं तर केंद्रात पाठवतात म्हणे. खरं का?"

मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही काका."

"माहीत नाही, की सांगता येणार नाही?"

माझा चहा अर्धा राहिला.

२३ जानेवारी

सांगितलं. लिहून टाकते म्हणजे मोकळी होईन. ते पुन्हा आले, हात जोडायला लागले, आणि मला ते बघवेना. म्हटलं, काका, कागदावर तरी असं दिसतं की हो म्हणणारे केंद्रात जातात.

त्यांनी एकदम मोठा श्वास सोडला. म्हणाले, "पोरीने आयुष्यात साधी सिगारेट ओढली नाही. पण म्हणेल. दोन वाक्यांचा तर प्रश्न आहे."

म्हणजे मी काय केलं? एका सरळ मुलीला न्यायाधीशांसमोर खोटं बोलायचा रस्ता दाखवला. बाईंचा नियम मोडला तो वेगळाच. रात्री ताई म्हणाली, "तोंड का एवढंसं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

२९ जानेवारी

वकिलांच्या भेटीच्या वेळी काका मला ओढूनच घेऊन गेले. जाळीच्या पलीकडे ती, अलीकडे आम्ही तिघं. वकिलांनी बिस्कीट खात खात समजावलं की कबूल केलंस तर बरं पडेल.

काका म्हणाले, "म्हण ना बाळा. खोटं तर खोटं. देव बघतोय, तो समजून घेईल."

तिने मान हलवली. "बाबा, मी असं नाही म्हणणार."

"अगं पण का?"

"नाही म्हणणार. तुमच्यासमोर तर नाहीच."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र तिचा इतका आदर वाटला! तुरुंगात जायची तयारी, पण वडिलांसमोर खोटं बोलायची नाही. कायदा असा आहे की खरं बोलणाऱ्याला शिक्षा आणि खोटं बोलणाऱ्याला माफी. घरी येऊन या एका मुद्द्यावर तीन पानं लिहिली. अहवालाचा शेवट यावर करता येईल. ती पानं पुन्हा वाचली तेव्हा चांगली वाटली, आणि मग एकदम कसंतरी झालं. निकाल तुरुंगाचा लागला तरच ही पानं उपयोगाची आहेत.

म्हणजे मी कशाची वाट बघतेय?

३० जानेवारी

झोप नाही. पानं फाडली.

६ फेब्रुवारी

वकिलांनी काकांना निरोप दिला. ती न्यायाधीशांसमोर 'घेते' म्हणायला तयार झाली आहे. अट एकच, त्या दिवशी बाबांनी कोर्टात यायचं नाही.

काका खूश. "माझ्यासमोर खोटं बोलायची लाज वाटते तिला. लहानपणीही तशीच. काही लपवलं की माझ्याकडे बघायचीच नाही." मग म्हणाले, "पण मी येणार. तुमच्या बाकावर खांबाच्या आड बसेन. तिला दिसणार नाही. पोर एकटी उभी राहणार आणि मी घरी बसू?"

१० फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

काका माझ्या शेजारी खांबाआड. तिला आणलं, तिने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. ते दिसले नाहीत. मग वकील उठून म्हणाले की माझ्या अशिलाला काही सांगायचं आहे.

न्यायाधीश म्हणाले, "बोला."

ती म्हणाली, "मी गोळ्या घेते. आधी खोटं सांगितलं."

काकांनी माझ्या कोपराला हळूच ढोसलं. चेहरा उजळलेला.

न्यायाधीशांनी विचारलं, कधीपासून. मला वाटलं आता अडखळेल. ती अडखळली नाही. म्हणाली, स्कूटरवरून पडले, खांदा निखळला, तेव्हा डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. खांदा बसला. पण गोळी नाही घेतली की रात्रपाळीला बसवायचं नाही, अंग मोडून यायचं. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायचं बंद केलं. मग कामावरच्या एकाकडून घ्यायला लागले. आधी एक, मग दोन, मग मोजत नव्हते. त्याला द्यायला काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, हे पाकीट पोचव म्हणजे तुझं तुला देतो.

काका माझ्या कानात कुजबुजले, "वकिलांनी काय पाठ करून घेतलंय बघा. खांदा खरंच निखळला होता, ते बरोब्बर घातलं त्यात."

न्यायाधीश खोकले, थांबले, आणि म्हणाले, "घरी कोणाला माहीत होतं?"

"नाही. बाबांना वाटायचं रात्रपाळीने थकते. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. ते बाहेरून विचारायचे, चिऊ, पोट बिघडलंय का. मग लिंबूपाणी करून दाराशी ठेवायचे." मग ती अगदी हळू म्हणाली, "पहिल्या गोळ्या तेच आणून द्यायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. मला दुखतं म्हणून काम टाकून जायचे. हे त्यांना कळायला नको."

मी काकांकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. माझ्या कोपरावरचा त्यांचा हात मात्र तिथेच होता, आणि तो आता ढोसायला आलेला हात नव्हता. पडू नये म्हणून धरलेला होता.

आणि मी! घाम, थंडी, जांभया, नाक. सगळं माझ्या डोळ्यांसमोर, चार हातांवर. मी सर्दी लिहिलं. प्रकरण सहावं मला तोंडपाठ आहे.

न्यायाधीशांनी डॉक्टरी तपासणीचा हुकूम दिला. तिला नेलं. काका खांबाआडून निघाले नाहीत. खोली रिकामी झाल्यावर म्हणाले, "तिने मला पाहिलं नाही ना?"

"नाही काका."

"मग तिला सांगू नका."

११ फेब्रुवारी

बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. नियम मोडला, सल्ला दिला, केस बिघडवली. त्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, गेलं काम.

"ही केस आता मोजता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुला त्या खोलीत पुन्हा पाठवता येणार नाही. उद्यापासून इथे बसून तक्ते कर."

मी हो म्हटलं.

"बरं, तिचं काय होईल असं वाटतं?"

"डॉक्टर जे खरं आहे तेच लिहितील. केंद्रात जाईल."

"छान झालं," त्या म्हणाल्या, आणि मग टेबलावरचे कागद उगीच सारखे करत, "मी तिला चांगली केस म्हणाले होते, नाही का?"

त्यांनी मला चहा ओतून दिला. स्वतःच्या हाताने बाई कोणाला चहा देत नाहीत.

२६ फेब्रुवारी

काकांचा फोन. केंद्रात पाठवलं. रविवारी भेटता येतं. "ताई, तुम्ही चला. एकट्याने जायचं धाडस होत नाही."

ताईला विचारलं, जाऊ का? ती म्हणाली, "आता तर तू कोर्टाची पण नाहीस. कोण अडवतंय तुला?"

१ मार्च

सकाळीच निघालो. केंद्र शहराबाहेर आहे, बस बदलून जावं लागतं. काकांनी नखं घासून घासून स्वच्छ केली होती, इस्त्रीचा शर्ट. बसमध्ये मला सांगत होते, "मी ठरवलंय. तिला वाटतंय मला ठाऊक नाही. मग राहू दे तसंच. मी म्हणेन, शाब्बास, काय खोटं बोललीस, सगळ्यांना फसवलंस. हसेल ती. तिची मान वर राहील."

मला ते पटलं. खरं तर मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं, आणि मी तसं म्हटलंही.

भेटीची खोली लांबट, भिंतीला हिरवट रंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काकांनी आत शिरताच भिंतीकडे पाहिलं, "ओलीवरच मारलाय रंग, पोपडे येणारच." ती आली. वजन वाढलंय थोडं. केस विंचरलेले. समोर बसली आणि आधी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला: यांना काय माहीत आहे? मी खाली पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "वकिलांनी सांगितलं तसं बोलले मी. बरोबर झालं ना?"

तिने सोपं करून दिलं होतं. त्यांना फक्त शाब्बास म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. हात टेबलावर ठेवले. मी मनात म्हणत होते, म्हणा काका, म्हणून टाका.

ते म्हणाले, "मी तिथेच होतो, चिऊ. खांबाच्या मागे."

ती हलली नाही. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. उठून जाईल असं मला वाटलं.

"तुला एकटीला कसं सोडणार होतो," ते म्हणाले. आणि मग, "खांदा अजून दुखतो का गं?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडली, पण आवाज नाही. मग हातांच्या आडूनच म्हणाली, "थंडीत दुखतो."

"मग सांगायचंस ना."

"तुम्ही अजून गोळ्या आणल्या असत्या बाबा."

"हो," काका म्हणाले. "आणल्या असत्या." आणि ते कसेबसे हसले, आणि तीही रडता रडता हसली, आणि मी उठून बाहेर आले. तिथे माझं काही काम नव्हतं.

बाहेर पायरीवर केंद्राची एक बाई पालेभाजी निवडत बसली होती. मला सरकून जागा दिली. वेळ संपल्याची घंटा झाली तरी काका येईनात. मी दारातून डोकावले. ते उभे होते, ती बसलेली, आणि ते तिला विचारत होते, "पुढच्या रविवारी सांगशील ना उरलेलं?"

"ऐकवणार नाही तुम्हाला."

"ते मी बघेन. तू सांग."

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही या सगळ्याचा अभ्यास केलाय. गोळी सुटताना माणसाला नेमकं काय होतं? पहिल्या दिवसापासून सांगा. ती कोठडीत होती तेव्हा तिला काय काय झालं असेल, ते मला कळायला पाहिजे."

मी सांगायला लागले. घामाचं सांगितलं, थंडीचं, झोपेचं. पोलीसबाईंनी शाल टाकली होती ते सांगितलं; ते त्यांच्या लक्षात नव्हतं, त्या दिवशी ते फक्त दाराकडे बघत होते म्हणे. मध्येच ते विचारायचे, "हे किती दुखतं?" तेव्हा मला म्हणावं लागायचं, पुस्तकात लिहिलेलं नाही काका, तिलाच विचारा. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "विचारतो. पुढे?"

बोलण्याच्या नादात आमचा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि चालत परत आलो.

२ मार्च

तक्ते केले. १२ डिसेंबरच्या तिच्या रकान्यात आता काही भरायचं नाहीये, तरी बाईंना विचारून मी माझ्या जुन्या टिपणातला 'सर्दी' हा शब्द खोडला.

रविवारी काका पुन्हा जाणार आहेत. मला म्हणाले, या वेळी एकटा जाईन.